आडवा हवालदार

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. भांडण असो, लाड असोत, की नुसतं भाकरी करपली एवढंच सांगायचं असो, सगळं मोठ्यानं. रस्त्यानं जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, आत मारामारी जुंपली आहे. कारण आबा. माझे वडील तोफखान्यात हवालदार होते आणि कायमचे घरी आले तेव्हा त्यांचा उजवा कान पार गेलेला होता. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं, तर काहीतरी आत पोचायचं. त्यामुळे आमच्या घरातली गुपितं शेजारच्या चार घरांना आधी कळायची. आईनं नवं लुगडं घ्यायचं ठरवलं की दुपारपर्यंत पाणवठ्यावर त्याचा रंगसुद्धा ठरलेला असायचा. मी लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "सुमन, तू एवढी का गं ओरडतेस? आम्ही बहिरे नाही." मला रडू आलं होतं. त्यांना वाटलं, मी दुखावले. तसं नव्हतं, मला आबा आठवले होते.

आबांना हाक मारून उपयोग नसे, म्हणून आईनं आपली एक रीत काढली होती. आबा घरामागच्या परड्यात बसलेले असले की ती सोप्याच्या उंबऱ्याशी मुसळ आपटायची. धप्प झालं की आबा मान वळवायचे. कानांनी जे सोडलं ते त्यांच्या तळव्यांनी धरलं होतं. उसाची गाडी गावाच्या वेशीत शिरली की आबा म्हणायचे, "गाडी आली," आणि आम्हाला ती बऱ्याच वेळानं ऐकू यायची. चारचौघांत मी त्यांचा कान होते. कुणी भेटायला आलं की ते मला शेजारी बसवून घ्यायचे आणि समोरच्याचं तोंड हललं की विचारायचे, "सुमे, काय म्हनतोय ह्यो?" मग मी त्यांच्या डाव्या कानात ते ओरडून सांगायची. नको ते गाळायचीही. कुणी खवचट बोललं तर मी ते धुऊन, पुसून आत सोडायची.

जेवताना ते डावा हात ताटावर आडवा धरायचे, पाखरानं पिलावर पंख धरावा तसा. आईला वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून. तिनं कौतुकानं चुलतीला सांगितलंही, की आमच्या ह्यांना माझ्या हातचं जेवण इतकं गोड लागतं. पुढे एकदा आबांनीच सांगितलं, की खंदकात जेवताना वरून माती पडायची. पलीकडे कुठं गोळा पडला की छपराची माती झरझर ताटात यायची. कालवण मातीसकट खाल्लं तरी चालतं, पण दाताखाली खडा आला की घर आठवतं, असं ते म्हणाले. आमच्या चुलीपुढं कुठली माती पडणार? पण हात काही खाली गेला नाही. झुणका असो, खर्डा असो की हुलग्याचं माडगं, डाव्या हाताचं छप्पर ठरलेलं. आणि दुसरी खोड खणण्याची. हात रिकामा राहिला की माणूस फावडं घेऊन परड्यात. शेणाला खड्डा, केळीला खड्डा, काहीच नसलं तर नुसताच खड्डा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली जुनी तलवार पुजायला काढली, तर आबांनी फावडं घासून, तेल लावून तलवारीच्या वरच्या अंगाला ठेवलं. आई म्हणाली, "आवं, तलवारीचा मान मोठा." मी ते कानात ओरडले. आबा म्हणाले, "तलवारीनं मला कवा वाचिवलंय?" आणि हळदीचं पहिलं बोट फावड्याला लावलं.

आमचं गाव कडेगावपासून आत, उसाच्या पट्ट्यात. घरटी एक माणूस फौजेत, आणि ज्याच्या घरी नाही त्याच्या घरची माणसं तोंड चुकवून हिंडायची. तरी गावाच्या डोक्यातली लढाई तलवारीचीच होती. देवळामागं तालीम होती आणि तिथं गणपा वस्ताद दांडपट्टा शिकवायचे. लांब लवलवतं पातं, कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ. वस्ताद पट्टा फिरवायला लागले की माणूस दिसायचा बंद व्हायचा, नुसती चकाकी दिसायची. जमिनीवर लिंबू ठेवून, डोळे बांधून ते कापायचे. त्यांचा सगळ्यात लाडका चेला म्हणजे माझा थोरला भाऊ, दिनकर. मी त्याला दादा म्हणायची. दादा अंगानं शिडशिडीत, खांद्यात रुंद, आणि स्वभावानं तापट. तालमीतला एक नियम आमच्या घरातल्या पोराटोरांनाही पाठ होता. पट्टेकऱ्यानं वाकायचं नाही, बसायचं नाही आणि पाठ दाखवायची नाही. सरावात ज्याचा गुडघा टेकला त्याला वस्ताद त्या दिवशी मैदान झाडायला लावायचे. दादानं एकदाही मैदान झाडलेलं नव्हतं.

आबा घरी आल्यावर वस्ताद मोठ्या उमेदीनं त्यांना भेटायला आले. मी नेहमीसारखी मध्ये. दादा खांबाला टेकून उभा. आईनं चहा दिला, आबांना त्यांच्या फौजेतल्या पांढऱ्या मगात, वस्तादांना कपबशीत.

"हवालदार, दुष्मन किती लांब असतोय?" वस्तादांनी विचारलं. मी ओरडले.

"डोंगराच्या पल्याड," आबा म्हणाले.

"मंग दिसतोय कसा?"

"दिसत न्हाई. म्होरं टेकाडावर आपला एक मानूस बसल्याला असतोय. त्यो फोनवर आकडं सांगतोय. आकड्यापरमानं तोंड फिरवायचं, गोळा घालायचा, दोरी वडायची."

"म्हंजी तुमी मारता तरी कुनाला?"

आबांनी चहाचा घोट घेतला. "आकड्याला," ते म्हणाले.

वस्ताद माझ्याकडं बघायला लागले, मी चुकीचं ओरडले की काय म्हणून. मग त्यांनी विचारलं, "आन त्येचा गोळा आला तर?"

"तवा आडवं व्हायचं. जिमिनीला चिकटायचं. तोंड मातीत. जो हुबा ऱ्हायला त्यो गेला. शूर असू दे, न्हाईतर भित्रा असू दे, गोळ्याला काय कळतंय?"

"मंग मर्दुमकी कुठं ऱ्हायली, हवालदार?"

हे मी कानात सांगितल्यावर आबांनी थोडा विचार केला. "खड्ड्यात," ते म्हणाले.

वस्ताद मांडीवर थाप मारून हसले. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. आबा चेष्टा करत नव्हते. त्यांना खरोखरच खड्डा म्हणायचा होता, माणसानं स्वतः खणलेला, ज्यात तो रात्रंदिवस बसून राहतो तो. मी दादाकडं पाहिलं. तो हसत नव्हता. तो आबांच्या हातांकडं बघत होता, जणू त्या हातांनी काहीतरी चोरून आणलं होतं.

चैत्रात देवीची जत्रा. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा गोडा निवद, दुसऱ्या दिवशी मटणाचा खारा. दुसऱ्या दिवशी दुपार कलली की देवळापुढच्या मैदानात पट्ट्याचे खेळ होत आणि खेळ संपले की उखळ्या उडवत. उखळी म्हणजे लोखंडाचा गुडघाभर उंच, जाड नळा, निम्मा जमिनीत पुरलेला. त्यात काळी दारू भरायची, वर विटेचा चुरा ठासायचा, बुडाशी भोकात वात खोचायची आणि लांब काठीच्या टोकाला पेटता बोळा बांधून तो वातीला लावायचा. पहिला बार लावायचा मान त्या साली पट्ट्यात जिंकलेल्या गड्याचा. हे लक्षात घेण्यासारखं आहे. ज्या दारूनं तलवारीचं राज्य संपवलं, तिला आमच्या गावानं तलवारीच्या दावणीला बांधून ठेवलं होतं. पट्टा जिंकणार, आणि तोफ त्याला सलाम करणार.

आबा घरी आल्यानंतरची ती पहिली जत्रा. लढाईवरून आलेला माणूस म्हणून त्यांना पुढच्या रांगेत घोंगड्यावर बसवलं होतं. पांढराशुभ्र सदरा, छातीवर पदकं, डोक्याला गुलाबी फेटा. आईनं तो फेटा दोनदा सोडून पुन्हा बांधला होता. दादानं पट्टा जिंकला. टाळ्या, गुलाल, सगळं झालं. बार लावायला दादा निघाला तेव्हा आबा देवळातल्या कुणाशी तरी बोलायला उठून उभे होते आणि त्यांची पाठ मैदानाकडं होती. बार झाला. आबांना तो ऐकू आला नाही, तळव्यांना लागला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच माझे वडील तोंडावर आडवे पडलेले होते, दोन्ही हात डोक्यावर, फेटा एकीकडं, पदकं मातीत.

मग कुणीतरी ओरडलं, "हवालदार, दंडवत घातलासा व्हय?" आणि जो हशा पिकला तो थांबेचना. वस्तादही हसले. पानाच्या दुकानाचा रामू, त्याच्या तोंडाला कधीच कुलूप नव्हतं, तो म्हणाला, "आरं, ह्यो तर आडवा हवालदार!" आबा उठले, चेहऱ्यावरचा गुलाल आणि माती पुसली, आणि लोक हसतायत हे बघून स्वतःही जरासे हसले. "सुमे, काय म्हनत्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "तुमचा फेटा पडला म्हणून हसतायत."

नाव चिकटलं. आमच्याकडं नाव चिकटायला वेळ लागत नाही आणि मेल्यावरही ते सुटत नाही. आडव्याचं घर, आडव्याचा मळा, आडव्याची सुमी. बैल बसला आणि उठेना झाला की म्हणायचे, हवालदार झालाय. तालमीत पोरं एकमेकांना पाडताना "आडवा!" म्हणून ओरडायची आणि दादाकडं बघायची. ज्यांचं हे नाव होतं, त्यांना ते कधीच ऐकू आलं नाही. त्यांच्या पाठीमागं नव्हे, त्यांच्या तोंडासमोर लोक म्हणायचे, आणि ते मान डोलवून "बरं हाय न्हवं?" असं विचारायचे. मला त्या गावाचा आजही राग येतो. माणसं वाईट नव्हती. आमच्या अडीनडीला तीच धावून यायची. पण एका वर्षात त्या शब्दाची त्यांनी अशी काही वाट लावली, की तो तोंडातून निघाला की दुसरा काही अर्थच उरला नाही.

दादानं आबांशी बोलणं सोडलं असं म्हणता येणार नाही. त्यानं फक्त आवाज खाली आणला. ताटावर बसला की आबा काही विचारायचे आणि दादा चारचौघांच्या घरात बोलतात तशा साध्या आवाजात उत्तर द्यायचा. ओठ हललेले दिसायचे, आबा माझ्याकडं बघायचे. बहिऱ्या माणसाला घराबाहेर काढायला याहून जास्त काही करावं लागत नाही. आईनं एकदा त्याला चुलीपाशी धरलं. "बापाशी मोठ्यानं बोल की रं. तोंड झिजतंय का?" दादा म्हणाला, "मोठ्यानं काय बोलू, आई? सगळं गाव बोलतंयच की मोठ्यानं."

मी पुढे सांगलीत शाळामास्तरीण झाले आणि नोकरी संपेपर्यंत इतिहास शिकवला. पुस्तकात एक धडा असायचा आणि त्याखाली ठरलेला प्रश्न. तोफांच्या वापरामुळे युद्धपद्धतीत कोणते बदल झाले, थोडक्यात लिहा. मुलं लिहायची, किल्ल्यांच्या भिंती पुरेनाशा झाल्या, घोडदळाचं महत्त्व कमी झालं, दुरून मारा करता येऊ लागला. बरोबरच होतं. मी पूर्ण गुण द्यायची. तपासताना मनात यायचं, की खरा बदल सगळ्यात शेवटी पोचतो तो घरी. सैन्यानं कितीतरी वर्षांपूर्वी आडवं व्हायला शिकून घेतलं, आणि आमचं गाव अजून उभं होतं. उभ्या माणसालाच माणूस म्हणत होतं. हल्ली टीव्हीवर कुठल्या कुठल्या देशातली लढाई दाखवतात, माणूस खुर्चीत बसून पडद्याकडं बघत दूरच्या घरावर यंत्र सोडतो. नातू म्हणतो, आजी, बघ किती अचूक. मी चॅनेल बदलते.

आबांना काही कळत नव्हतं असंही नाही. पोरगा तुटतोय एवढं त्यांना दिसत होतं. एका संध्याकाळी दादा पट्ट्याला तेल लावत बसला होता, तेव्हा आबा त्याच्यापुढं उकिडवे बसले आणि आपणहून सांगायला लागले. त्यांच्या तोफेवर आटपाडीकडचा एक जण होता. दुष्काळी भागातला, पाण्याची फार किंमत असलेला. एका सकाळी सगळं शांत होतं. तो चहा गाळायला उभा राहिला. बसून गाळला असता तर फडक्यातून सांडला असता, म्हणून उभा राहिला, आणि तेवढ्यात गोळा आला. "एक थेंब सांडू दिला न्हाई त्येनं," आबा म्हणाले. "शूर म्हून हुबा ऱ्हायला न्हाई रं दिन्या. आन मी आडवा झालो ते भ्यालो म्हून न्हाई. ते अंगालाच शिकिवल्यालं असतंय." दादाची मान वर झाली नाही. पण त्याचं बोट पात्यावर एका जागी थांबलेलं होतं. मला वाटलं, आता हा बोलेल, मोठ्यानं बोलेल. तेवढ्यात तालमीतली पोरं दारात आली आणि दादा पट्टा उचलून निघून गेला.

दुसऱ्या सालची जत्रा आली. आईनं सकाळपासून रश्श्याचं वाटण काढलं होतं. खोबरं भाजल्याचा, तिळाचा, काळ्या तिखटाचा वास घरभर. मी पाट्याशी बसले होते आणि दादा मागच्या दारी विटा कुटत होता, उखळीत ठासायला. त्या साली वस्तादांचा खांदा दुखावला होता, म्हणून उखळ्या भरायचं काम त्यांनी दादावरच टाकलं होतं. चुरा नेहमीपेक्षा जास्त दिसत होता. मी म्हणाले, "दादा, केवढं रं हे?" तो हसला. वर्षभरात त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"असा बार भरतो सुमे, की बहिऱ्याला बी ऐकू जाईल."

या वाक्याचं मी आयुष्यभर काय काय केलं आहे. कधी वाटतं, तो आबांची चेष्टा करत होता. कधी वाटतं, त्याला खरोखरच आबांनी ऐकावं असं वाटत होतं. त्याला विचारायची सोय राहिली नाही.

खेळाआधी धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारलं होतं. ते उखळ्यांच्या बाजूलाही गेलं असणार, हे नंतर लोक बोलले. दादानं पुन्हा पट्टा जिंकला. तो काठी घेऊन पुढं झाला. मी आबांच्या शेजारी, बायकांच्या आणि पुरुषांच्या मधल्या दोरीपाशी. आबा या खेपेला पहिल्यापासून देवळाच्या पायरीवर बसून होते, पाय जमिनीवर घट्ट टेकवून, बार कधी येतो याची वाट बघत. दादानं बोळा वातीला लावला, वात पेटली, धूर निघाला आणि विझल्यासारखा झाला. काहीच झालं नाही. "फुसकी!" रामू ओरडला. लोक हसले. दादाचं तोंड उतरलं. त्यानं काठी टाकली आणि तो उखळीकडं चालायला लागला.

आबांनी माझं मनगट धरलं. "वाजली का?"

"न्हाई," मी कानात ओरडले.

त्यांनी माझं मनगट सोडलं. पेटवलेली आणि न उडालेली दारू म्हणजे काय, हे त्या मैदानात एकाच माणसाला माहीत होतं. अशा वेळी जवळ जायचं नसतं, थांबायचं असतं, तोंड मातीत घालून थांबायचं. आबा उठले आणि धावत सुटले. त्यांच्या आवाजाला मोजमाप नव्हतं, स्वतःचा आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता. सगळं मैदान भरून टाकील अशा आवाजात ते ओरडले, "दिन्या! आडवा! आडवा हो! आडवा!"

आणि मैदान हसलं. आपलं नाव आपल्याच तोंडानं ओरडत धावणारा आडवा हवालदार बघून माणसं पोट धरून हसली.

दादा थांबला. त्यानं ऐकलं होतं. त्यानं वळून पाहिलं आणि मला त्याचा चेहरा दिसला, लालबुंद, डोळ्यांत पाणी आलेला. आबा अजून ओरडतच होते. दादा पाठ फिरवून उखळीकडं वळला, तालमीत शिकवलं होतं तसा ताठ उभा राहिला, छाती पुढं काढून, आणि मग उखळीवर झुकून आत काय झालं ते बघायला लागला.

बार झाला. उखळी फुटली. आबा अर्ध्या वाटेत आडवे झाले, अंगालाच शिकवलेलं होतं ते, आणि धुरात सरपटत पुढं गेले. त्यानंतर जे दिसलं ते मी लिहिणार नाही. कराडच्या दवाखान्यात न्यायला जीप काढली; रस्त्याला लागेपर्यंत दादाचा श्वास चालू होता, त्यापुढं नाही. जीपमध्ये आबांनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन डावा हात त्याच्या चेहऱ्यावर आडवा धरला होता, ताटावर धरायचे तसा.

घरी आणलं तेव्हा चुलीवर रश्श्याचं पातेलं तसंच होतं, निखाऱ्यावर, कडेला तवंग आलेला. ते कुणी उतरवलं नव्हतं. आई त्याच्याकडं बघत बसली. शेवटी चुलतीनं ते उचललं आणि आबांनी खणलेल्या एका खड्ड्यात ओतलं. आमच्या घरात त्यानंतर आई असेपर्यंत खारा निवद झाला नाही.

दादाचे दिवस घालून झाल्यावर पाहुणे पांगले. आबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "बार ऐकला मी. किती वर्सांनी कायतरी ऐकलं." आणि मग आईकडं बघून, "मी हाक मारली हुती. लय मोठ्यानं मारली हुती. मंग आडवा का झाला न्हाई त्यो? त्येला ऐकू गेलं न्हाई का?"

मी आईकडं पाहिलं. आबांना खरं सांगायचं म्हणजे वर्षभराचा तो शब्द त्यांच्या कानात ओरडायचा. तुमच्या हाकेनंच तो उभा राहिला, असं ओरडायचं. आणि आमच्या घरात ओरडलेलं सगळ्या आळीला जायचं. आई उठली, त्यांच्या डाव्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "न्हाई गेलं. उखळीजवळ हुबा ऱ्हाऊन ऱ्हाऊन त्येचं बी कान गेलं हुतं."

आबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. दारू कान खाते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पोरगा आपल्यासारखाच बहिरा झाला होता, एवढ्या एका गोष्टीवर त्या माणसानं पुढची वर्षं काढली. वर्षभर तो साध्या आवाजात का बोलायचा, याचाही त्यांनी त्यातूनच उलगडा करून घेतला. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही, असं ते मला समजावून सांगायचे.

आता गावी जत्रेला गेलं की बार लावायच्या आधी एक जण मैदानात उभा राहून "आडवं!" असं ओरडतो आणि सगळं गाव जमिनीवर पालथं पडतं, बायकापोरांसकट. नव्या पोरांना वाटतं, हा देवीचा दंडवत आहे. कुणी त्याचे व्हिडिओ काढून पाठवतात आणि खाली हात जोडल्याची चित्रं टाकतात. मी कुणाला काही सांगत बसत नाही.

ही रीत गणपा वस्तादांनी पाडली. दादा गेल्यानंतरच्या साली जत्रा करायची की नाही यावरच वाद होता. शेवटी झाली. पट्टा कुणी खेळलं नाही. उखळीला वात लावायच्या आधी म्हातारे वस्ताद मैदानाच्या मधोमध आले. आयुष्यात गुडघा न टेकलेला माणूस. त्यांनी आबांकडं एकदा बघितलं, "आडवं!" म्हणून ओरडले आणि स्वतः तोंडावर पडले. त्यांच्यामागं तालमीतली पोरं पडली, मग रामू, मग बाया, मग सगळे. बार झाला. आबा पायरीवर होते. ते उभे राहिले होते आणि बार झाला तरी उभेच राहिले, समोर पालथ्या पडलेल्या गावाकडं बघत. मला "सुमे, काय म्हनत्यात?" असं त्यांनी विचारलं नाही.

घरी आल्यावर आईनं पोळी वाढली. आबांनी डावा हात ताटावर धरला, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "बघितलंस? सगळ्या गावाला ऐकू गेलं. येका दिन्यालाच तेवढं गेलं न्हाई."

आई त्यांच्या कानाशी वाकली. "न्हाई गेलं," ती ओरडली. मग ती तशीच वाकलेली राहिली आणि आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं इतक्या हळू म्हणाली, "गेलं हुतं आवं. चांगलं गेलं हुतं."

"काय म्हनलीस?" आबांनी विचारलं.

"कायबी न्हाई," आई मोठ्यानं म्हणाली. "जेवा."